धुऱ्यावरचं निळं फूल

माझ्या भावाला फुलाचा राग नव्हता. त्याला धुऱ्याचा राग होता. पण धुऱ्याचा राग चारचौघांत बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि गुडघाभर उंचीचं एक निळ्या फुलाचं झाड त्यात सापडलं.

धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधली पट्टी, जिथं नांगर जात नाही. बाकीचे लोक बांध म्हणतात. आमच्या मेहकर तालुक्यात धुऱ्यावरून जितकी भांडणं झाली तितकी सोन्यावरून झाली नसतील. दरवर्षी शेजारी नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, इकडे सरकवतो, मग दुसरा शेजारी तिकडे सरकवतो, आणि मग दोघांच्या बायका पाणवठ्यावर एकमेकींशी बोलत नाहीत. पण हा धुरा काही आजा-पणज्यांच्या वेळचा नाही. तो माझ्यामुळे झाला. त्याआधी ते एकच सलग वावर होतं, माझ्या वडिलांचं.

वडील गेले आणि हक्कसोडाची वेळ आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बापाच्या जमिनीत लेकीचा हिस्सा कायद्यानं असतो, पण तो तिनं भावाला सोडून द्यायचा, अशी रीत आहे. भाऊ साडी-चोळी करतो, जीप करून बहिणीला तालुक्याच्या कचेरीत नेतो, सही झाली की हॉटेलात पोटभर जेवू घालतो. बहिणीनं डोळ्याला पदर लावून म्हणायचं, मला जमीन काय करायची, माझं माहेर राहू द्या म्हणजे झालं. माझ्या आत्यांनी हेच म्हटलं. माझ्या आईनंही तिच्या माहेरी हेच म्हटलं होतं.

भाऊ माझ्याहून धाकटा. साडी घेऊन आला, चहा प्याला आणि म्हणाला, "ताई, मंगळवारी तयार राहाजो."

"कायले?"

"सहीले."

"मी नाही करत सही."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? माहाबी बाप व्हता तो."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करून राहिले. मग त्याचा चेहरा उतरला. खरं सांगते, मला त्याची कीव आली नाही. लग्न होईपर्यंत त्या वावरात निंदण मी केलं, कमरेला ओटी बांधून कापूस मी वेचला. हा तेव्हा शाळेच्या नावाखाली नाल्याच्या वाळूत क्रिकेट खेळत होता. आता तो मालक, आणि मी साडीवर खूश व्हायचं. साडी मात्र मी ठेवून घेतली. परत काऊन करू? भावानं बहिणीला दिलेली साडी होती ती.

पुढं जे व्हायचं ते झालं. भाऊबीज बंद झाली. आमचे हे म्हणाले, कशाला उगाच वैर घेतेस. गावात बायका म्हणाल्या, हिला माहेर नको, माती पाहिजे. हो बाप्पा, मला माती पाहिजे होती. माहेरपण दोन दिवसांचं असतं, माती तिथंच राहते.

भावानं मग मला धडा शिकवायचं ठरवलं. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, घाटाखालची, जळगाव जामोदकडची. तिच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. तेही वारले होते, आणि तिचे भाऊ सहीसाठी थांबलेच होते. माझा भाऊ स्वतः तिला घेऊन गेला, सही करवून आला, आणि गावभर सांगत सुटला की चांगल्या घरची बाई कशी वागते ते पाहा. महिनाभरानं भावजय डोणगावात माझ्या दुकानी आली. मी शिवणकाम करते, बसस्टँडजवळ माझं टपरीएवढं दुकान आहे. तिनं एक ब्लाउजपीस पुढं ठेवला. सहीच्या साडीवरचा होता. मी माप घेतलं. ब्लाउज मी असा शिवला की काखेत कुठं चुणी पडली नाही.

शेवटी वाटणी झाली. मला नाल्याकडचा तुकडा आला, मुरमाड, खालच्या अंगाला ओल धरणारा. मोजणी झाली, दगड पुरले गेले, आणि वडिलांच्या सलग वावरात मधोमध एक पट्टी उभी राहिली. भाऊ त्या धुऱ्याकडे पाठ करून औत हाकायचा. मला मात्र तो धुरा फार आवडायचा. रविवारी दुकान बंद ठेवून मी वावरात जायची, आणि भाकर खायला त्याच धुऱ्यावर बसायची.

ते झाड मी पहिल्यांदा तिथंच बसून पाहिलं. धुरा झाल्यावर तीन-चार पावसाळे गेले होते. हरभरा घाट्यावर आला होता. नाल्याकडच्या ओलीत, दगडाच्या आडोशाला, चारपाच झाडं उभी होती. पानं सुरकुतलेली, कडा दातेरी, खोडावर बारीक लव, आणि वरच्या तुऱ्यांवर मण्यांच्या माळेसारखी थराथरानं इवलीशी फुलं. फूल केवढं, तर तांदळाच्या कणीएवढं. त्याला रंग आहे हेसुद्धा वाकल्याशिवाय कळत नव्हतं. मी एक तुरा खुडून दुकानात आणला आणि रिळांच्या खोक्याशी धरून पाहिला. मॅचिंग दोरा शोधण्यात माझी अर्धी हयात गेली. आकाशी लावून पाहिला, तो उजळ पडला. जांभळा लावला, तो गडद. दोन्हींच्या मधला, धुऊन धुऊन फिका झालेला निळा माझ्याकडे नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात झाडं वाढली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात खालचा अर्धा धुरा त्यांनीच भरला. आणि मग भावाला ती दिसली.

माहेरच्या गावात चहाच्या हॉटेलासमोर चार माणसं बसली होती. मी बससाठी उभी होते. तो मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमच्या ताईनं हिस्सा घेतला अन् त्याच्यात रानतुळस पिकोली. आता तेचं बी माह्या वावरात यीन."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. रानतुळशीची भीती खोटी नाही. ती बाहेरच्या मुलखातून आलेली, रस्त्याच्या कडेनं, पडीक जमिनीवर पुरुषभर वाढते. ढोरं तोंड लावत नाहीत, आणि एकदा शिरली की दुसऱ्या गवताला जागा ठेवत नाही. तिचंही फूल निळसरच. पान चुरगळलं की वास येतो तुळशीच्या जातीचा. वास आणि निळं फूल एवढ्यावर आमच्याकडे माणसं मोकळी होतात. रानतुळस म्हटली की पुढं कुणी पाहत नाही.

"फाल्गुनात धुरा जाळून टाकतो," भाऊ म्हणाला, "अन् पाळी मारून साफ करतो."

आता डाव कळला. आमच्याकडे पिकं निघाली की धुरे जाळतात, त्यात नवल नाही. पण जाळल्यावर पाळी, म्हणजे सबंध पट्टीवरून वखर. एकदा पट्टी वखरली की धुरा कुठं होता ते कोण सांगणार? दगड हलायला काय वेळ लागतो. मग पुन्हा मोजणी, पुन्हा कचेरी, पुन्हा मी एकटी आणि समोर सगळा गाव, कारण गाव म्हणणार, तन होतं, त्यानं साफ केलं, त्यात त्याचं काय चुकलं?

मी म्हटलं, "ते रानतुळस नाही."

"मंग काय आहे?"

मला ठाऊक नव्हतं. लोक हसले.

"सांग ना," तो म्हणाला. "फाल्गुन लागेलोक मुदत देली तुले. रानतुळस नाही निंघाली तं मी हात नाही लावत. या चौघांसमोर सांगून राह्यलो."

"काळ्या दगडावरची रेघ समजू?"

"समज."

मी बसमध्ये चढले. माझ्या धुऱ्यावर मला मुदत देणारा हा कोण?

आधी फोनला विचारलं. फोटो काढून दाखवला की तो झाडाचं नाव सांगतो म्हणे. सोमवारी त्यानं पुदिना सांगितला, बुधवारी रानतुळस, आणि एकदा तर कुठल्या बर्फाच्या मुलखातलं झाड दाखवलं. म्हाताऱ्या बायकांना विचारलं, त्या म्हणाल्या, "तन आहे माय, तनाले कुठं नाव राह्यते." मेहकरच्या कॉलेजात झाडांचा विषय शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्याकडे ब्लाउज शिवून घेतात. त्यांना तुरा दाखवला. त्यांनी खोड बोटात फिरवलं.

"चौकोनी आहे, पाहा."

मी खूश होऊन म्हटलं, "म्हणजे रानतुळस नाही?"

"रानतुळशीचंही चौकोनीच असतं. तुळस, पुदिना, तुंबा, सगळ्यांचं. हे एकच कूळ. खोड चौकोनी, पानं समोरासमोर, फुलाला दोन ओठ, आणि बऱ्याच जणांना वास. यावरून फक्त घराणं कळतं, माणूस कळत नाही."

"मग माणूस कशानं कळतो?"

"फूल उघडा आणि पुंकेसर मोजा. रानतुळशीत चार असतात. मला ज्याचा संशय आहे त्यात दोनच असतात. पण मी आत्ता नाव सांगणार नाही. तुम्ही मोजा, मग मी पाहते."

मला त्यांचा थोडा राग आला. सांगायला काय जात होतं? पण नंतर पटलं. त्यांनी सांगितलं असतं तर भावानं म्हटलं असतं, मॅडम तुझी गिऱ्हाईक, तुझ्याच बाजूनं बोलणार.

मग काय, बसले मोजायला. माझ्याकडे सुईत दोरा ओवायचं भिंग आहे, आणि सुया तर सगळ्या नंबराच्या. पांढऱ्या अस्तरावर फूल ठेवायचं, डाव्या बोटानं देठ दाबायचा, उजव्या हातानं सर्वांत बारीक सुईचं टोक खालच्या ओठात घालून उसवायचं. आयुष्यभर हुक-काज केलेला हात माझा, पण पहिली सगळी फुलं फाटली. श्वास जोरात सोडला तरी फूल उडून जायचं. मग जमायला लागलं. खालचा ओठ बाजूला केला की आत दोन केसर दिसले.

दोन. पण माझा विश्वास बसेना. मला दोनच हवे होते ना, म्हणून. वाटलं, बाकीचे दोन माझ्या सुईनंच तोडले असतील. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. मी सगळा भात चिवडला. वेगळ्या झाडाचं फूल, वेगळ्या तुऱ्याचं, अर्धं उमललेलं, पूर्ण उमललेलं. दोन, दोन, दोन. मग डोणगावच्या रस्त्यावर एका पुलाखाली ओलीमुळे अजून हिरवी असलेली रानतुळस शोधली. तिच्या फुलामागचा पेलाच आधी हाताला टोचला, त्याचे दात काट्यासारखे. माझ्या झाडाचा पेला मऊ, घंटेसारखा. रानतुळशीचं फूल उघडलं. चार. स्वच्छ चार. मी मशीनवर हात ठेवून मोठ्यानं हसले, आणि पिको करायला आलेली बाई घाबरून उठली.

मॅडम पुढच्या फिटिंगला आल्या, स्वतःचं भिंग घेऊन. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "साल्व्हिया. बागेत ती लाल फुलांची लावतात ना, तिच्याच जातीची. पण ती लाल बाहेरून आणलेली. ही इथलीच, जुनी रहिवासी. ओढ्याच्या काठी, ओलीच्या कडेला, नांगर फिरत नाही तिथं येते. शास्त्रात हिच्या नावाला पुढं आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थच साधी, सर्वसामान्य असा आहे."

"आणि हरभऱ्यात पसरंल का?"

"वखर फिरलेल्या वावरात तिचा टिकाव कमी. तुमच्या भावाच्या हरभऱ्याला हिचं भय नाही."

त्या गेल्यावर मी जरा वेळ मशीन चालवलंच नाही. त्या सलग वावरात मी लहानपणापासून राबले, पण हे झाड कधी पाहिलं नव्हतं. दिसणार कसं? सगळीकडे औत फिरायचं. त्याला जागा मिळाली ती मी सही केली नाही म्हणून. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

फाल्गुन लागला. माझा हरभरा निघाला, भावाचाही निघाला. एका सकाळी मी वावरात पोचले तर तो धुऱ्याच्या वरच्या टोकाला तुरीच्या वाळलेल्या तुराट्यांची जुडी घेऊन उभा. मागं भावजय, ओलं गोणपाट हातात घेऊन. धुरा जाळताना आग वावरात पसरू नये म्हणून एक माणूस असं ओलं पोतं घेऊन उभं राहतं, ते काम तिचं.

मी खालच्या अंगाला, त्या झाडांच्या मधोमध बसले. पिशवीतून अस्तराचा तुकडा काढला, भिंग काढलं, सुई काढली. सोबत आणलेली रानतुळशीची डहाळी एका बाजूला ठेवली.

"ये बाबू," मी म्हटलं, "मोजून पाहा. हातच्या काकणाले आरसा कायले?"

"मले टाइम नाही."

"मुदत तूच देली व्हती. पाहाले अर्धी मिनिट लागते."

"दोन असो का चार असो, कचरा तो कचरा. ऊठ तिथून."

"शब्द देला व्हता तू. चौघांसमोर."

"मी रानतुळशीचं बोललो व्हतो. अन् हे रानतुळसच आहे. मले शिकवू नको."

पाहायचंच नाही म्हटल्यावर काय करणार? भिंग त्याच्या नाकासमोर धरलं असतं तरी त्यानं डोळे मिटले असते. मी बसल्या जागची हलले नाही. म्हटलं, "मंग जाळ. मी इथंच बसून आहे."

तो काड्यापेटी चाचपायला लागला. तेवढ्यात भावजय खाली आली. गोणपाट तिनं खांद्यावर टाकलं, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हात पुढं केला. मी सुई दिली. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला कधी काही स्वतःहून मागताना पाहिलं नव्हतं. तिचा हात माझ्याहून स्थिर. फूल पहिल्याच दमात उघडलं. भिंगातून पाहिलं, डोळा काढला, पुन्हा पाहिलं. मग रानतुळशीचं फूल घेतलं, तेही उघडलं. वरून भाऊ ओरडला, "काय करून राह्यली वं तिथं?"

ती उठली नाही. मान वर करून म्हणाली, "याच्यात दोन आहेत. त्याच्यात चार. ताई खरं बोलून राह्यल्या."

"तुले कोनं विचारलं?"

"तुमी शब्द देला व्हता. मले घरी येऊन तुमीच सांगतलं."

त्यानं काडी ओढली. रागात ओढली, तुराट्यांच्या टोकाला धरली, आणि जुडी धुऱ्याच्या वरच्या गवतात टाकली. वाळलेलं गवत लगेच पेटलं. मी उठेपर्यंत भावजय धावत वर गेली होती. तिनं खांद्यावरचं ओलं गोणपाट आगीवर पसरून टाकलं आणि त्यावर पाय देऊन उभी राहिली. धूर निघाला, जळाल्याचा वास आला आणि आग विझली. वरचा हातभर धुरा काळा पडला, तेवढंच.

भाऊ तिच्याकडे पाहत राहिला. ती खाली बघत होती, पण गोणपाटावरून हलत नव्हती. आग आपल्या वावरात जाऊ नये म्हणून त्यानंच तिला ते पोतं भिजवून आणायला लावलं होतं. त्यानं काड्यापेटी खिशात घातली आणि गावाच्या दिशेनं निघून गेला. चालताना त्यानं धुऱ्यावर पाय दिला नाही, वावरातून गेला.

भावजय माझ्याजवळ येऊन बसली. मी भाकर सोडली, तिला अर्धी दिली. ती खात नव्हती. माझ्या अस्तराच्या तुकड्यावर ते उसवलेलं निळं फूल तसंच पडलं होतं, ती त्याच्याकडे पाहत होती.

"घरी जाशीन तं तो चिल्लावन," मी म्हटलं.

"चिल्लावतीन," ती म्हणाली. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून, तिनं विचारलं, "ताई, एकदा सही केल्यावर पुन्ना मांगता येते काय?"

तिच्या भावांची संत्र्याची बाग माझ्या डोळ्यांसमोर आली. मी ती कधी पाहिलेली नाही. तिथं धुरा नसेल, सगळं सलग असेल.

"मले माहीत नाही," मी म्हटलं. "पन सोमवारी दुकान बंद ठेवतो. जळगाव जामोदची गाडी धरू अन् तिथल्या कचेरीत विचारून पाहू."

तिनं भाकर खाल्ली.